बावन्न पॉइंट चार

बसा ना मॅडम, किती वेळ उभ्या राहणार? त्या दाराच्या फटीतून वारं येतं. इकडे टेबलाच्या दिव्याजवळ या. वरची ट्यूब दुपारपासून लुकलुकतेय, डोकं उठतं, म्हणून मीच बंद केली. चहा मशीनचा आहे, फार अपेक्षा ठेवू नका, पण गरम आहे.

हो, माहीत आहे. चार वाजून गेलेत. तुम्हाला घाट उतरून लेकीकडे जायचंय, नातवाला घेऊन आजच परत यायचंय, आणि हा बाबा तुमची गाडी बाहेर बर्फात उभी करून किल्ली दाबून बसलाय. मघाशी काउंटरवर तुम्ही जे बोललात ते ऐकलं मी. "यांना गिऱ्हाइकाच्या वेळेची काही किंमत आहे की नाही?" मला राग नाही आला. तुमच्या जागी मी असतो तर काउंटरवर मूठ आपटली असती. माझा स्वभाव काही चांगला नाही, इथे कुणालाही विचारा.

आणि तुमची दुसरी तक्रार, की गाडीतल्या हवेच्या जाळ्या कुणीतरी फिरवून ठेवल्यात. चारही जाळ्या, शेजारच्या सीटकडे तोंड करून. दुपारी माझ्याकडून किल्ली घेऊन चष्मा आणायला गेलात तेव्हा तुम्हाला दिसलं. "लोकांच्या गाडीत बसून काय उद्योग करतात कोण जाणे," असं म्हणालात. मॅडम, त्या मी फिरवलेल्या नाहीत. इथल्या कुणीच नाही फिरवलेल्या.

जरा थांबा, खिडकीतून एकदा बघून येतो... हं. तशीच आहे.

सांगतो. सगळंच सांगतो, मग काय बोलायचं ते बोला.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट आहे. याच कंपनीच्या, याच जातीच्या गाड्यांचा रिकॉल निघाला होता. हीटरचा. पेट्रोलच्या गाडीत इंजिन तापतं, त्याचीच ऊब आत येते, फुकटात. विजेच्या गाडीत तापायला इंजिनच नाही. म्हणून डॅशबोर्डच्या मागे एक डबा असतो, जेवणाच्या डब्याएवढाच, मोठ्या बॅटरीच्या विजेवर तापणारा. त्या डब्यातल्या पट्ट्यांचे सांधे कच्चे निघाले. कडाक्याची थंडी पडली की सांधा आकसायचा, भेग पडायची आणि डबा बंद. मग पंखा फिरत राहतो आणि तोंडावर बाहेरचीच हवा मारत राहतो.

कंपनीचं पत्र आलं. गाडी बोलवा, हीटर दहा मिनिटं चालवा, जाळीत थर्मामीटर धरा. पन्नासच्या वर गेला तर पास, नाही तर डबा बदला. सोपं काम. पण पत्राच्या दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की तपासणीच्या आधी गाडी दोन तास उघड्यावर, थंडीत उभी करावी.

ती ओळ मी वाचली होती. वाचली नव्हती असं खोटं नाही सांगणार.

पण आवारात गुडघाभर बर्फ होता. गाडी बाहेर लावायची म्हणजे आधी फावड्याने जागा करा, मग दोन तासांनी परत बर्फ उपसून आत आणा. रांगेत चाळीस गाड्या, आणि नवे डबे येत होते आठवड्याला दोन. आमची शेड छान उबदार. मी म्हटलं, हीटर तो हीटर, आत तपासला काय आणि बाहेर तपासला काय. त्या आठवड्यात तेरा गाड्या मी शेडमध्येच तपासल्या. तेराच्या तेरा पास. मॅनेजरने माझी पाठ थोपटली, आणि मी, लाज वाटते सांगायला, खूश झालो.

अकरावी गाडी एका नर्सबाईंची होती.

पंचावन्नच्या असतील. उंच, हाडापेराने मजबूत. घाटातल्या वाड्या-वस्त्यांवर जाऊन नुकत्याच जन्मलेल्या बाळांना बघायच्या, लस टोचायच्या. अंगात निळा लोकरी कोट, त्याची सगळी बटणं काळी आणि वरून दुसरं तेवढं पांढरं, मोठं, भलत्याच कोटाचं. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "हरवलं हो कुठेतरी," म्हणाल्या. "कुणाच्या तरी पाळण्याखाली पडलं असेल. आता ते बाळ मोठं झालं की मागून घेईन."

गाडी आत घेताना मला दिसलं की चारही जाळ्या शेजारच्या सीटकडे वळवलेल्या. मी म्हटलं, "बाई, सगळी ऊब तिकडे सोडून तुम्ही कुडकुडत चालवता की काय?"

"तिकडे माझी बॅग असते," त्या म्हणाल्या. "लसीच्या बाटल्या गोठल्या की संपलं. मला काय, कोट आहे."

मी थर्मामीटर धरला. दहा मिनिटांनी आकडा आला बावन्न पॉइंट चार. कार्डावर लिहिला, खाली सही ठोकली.

"नक्की ना?" त्यांनी विचारलं. "परवापासून वरच्या वाड्यांची फेरी आहे माझी."

"डोळे झाकून जा, बाई."

त्या हसल्या. "डोळे झाकून घाट कसा चढू?" आणि गेल्या. जाताना हात हलवला, काचेतून. मला अजून दिसतो तो हात.

नवव्या दिवशी भर दुपारी घाटात वादळ आलं. पुढे दरड, मागे दरड आणि मधे त्यांची एकटीची गाडी. त्यांनी मदत केंद्राला फोन लावला होता. "हीटर गार हवा टाकतोय," म्हणाल्या, "पण नुकताच तपासून घेतलाय, येईल ठिकाणावर." आवाजात राग नव्हता म्हणे. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला माणसं पोचली. गाडी चालू होती, मॅडम. बॅटरी साठ टक्के शिल्लक. दिवे लागलेले, रेडिओ बोलतोय. फक्त ऊब नाही. नर्सबाईंच्या अंगात कोट नव्हता. तो त्यांनी काढून बॅगेभोवती गुंडाळला होता, बाह्या आत दुमडून, आणि बॅग मांडीवर घेऊन त्या तिच्यावर वाकून बसल्या होत्या.

बाटल्या गोठल्या नव्हत्या.

त्यांना शेवटचं नेलं तेव्हा तोच कोट त्यांच्या अंगात घातलेला होता. मी गेलो होतो. पुढे जायची हिंमत झाली नाही, भिंतीशी उभा राहिलो. पण ते पांढरं बटण तिथूनही दिसत होतं.

घ्या, चहा घ्या, गार होईल. ... नाही, तुमची गाडी कुठे जात नाही. किल्ल्या माझ्याच खिशात आहेत. हा खुळखुळाट त्यांचाच.

तर गाडी इथे आली. रांगेच्या टोकाला उभी केली. सोमवारी कंपनीच्या तपासनीस बाई येणार होत्या. मॅनेजर मला म्हणाला, "हीटर काढून खोक्यात भरून ठेव आणि मोठ्या बॅटरीचा प्लग काढून टाक. मेलेली गाडी झाली पाहिजे ती." मी दोन्ही केलं. प्लग माझ्या कपाटात, कुलपात. हीटर टेबलावर ठेवला. बाहेरून आणला तेव्हा सांध्यावर केसाएवढी भेग होती, नखाला लागत होती. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. शेडच्या उबेत पाच-सात मिनिटांत ती भेग मिटली. काही झालंच नव्हतं अशी.

तेव्हा मला कळलं, मी काय करून बसलो होतो. त्या तेराही गाड्या शेडमध्ये पासच होणार होत्या.

आणि तरी मी गप्प बसलो. नोकरी जाईल ही भीती होती, हो. पण खरं सांगू का? माझ्या तोंडातून ते वाक्य निघत नव्हतं. खोक्याला चिकटपट्टी लावली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर आवारातल्या सगळ्या गाड्यांवर बर्फाचा थर. काचा पांढऱ्याफटक. फक्त टोकाच्या गाडीची पुढची काच स्वच्छ. पुसल्यासारखी नाही, पुसली की फटकारे दिसतात. आतून तापून वितळते तशी, खालून वर, कमानीच्या आकारात. वीस हिवाळे बघतोय मी काचा, मला फरक कळतो. तरी मनाची समजूत घातली. ऊन आलं असेल. ऊन कसलं मॅडम, आठ दिवस सूर्य दिसला नव्हता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या खेपेला मी दार उघडलं.

आतून ऊब आली. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यावर अंथरुणाला असते ना, तेवढी. ओल्या लोकरीचा वास, आणि त्याच्या खाली स्पिरिटचा, टोचायच्या आधी दंडाला लावतात त्याचा. चारही जाळ्या शेजारच्या सीटकडे. मॅडम, हीटर काढताना त्या मी माझ्या हाताने सरळ केल्या होत्या. एक जाळी उपसून काढली आणि आतल्या भोकात हात घातला. मागे हीटर नाही. रिकामी पोकळी. वायरी तोडून टेप लावलेली. पंख्याला वीज नाही.

आणि तिथून हवा येत होती. हलकीशी, थांबून थांबून... श्वास सोडल्यासारखी.

मी मुकाट थर्मामीटर काढला. का काढला, सांगता येणार नाही. सवय. हात आपला रोजचं काम करत असतो. जाळीच्या जागी धरला. आकडा चढायला लागला. चाळीस... अठ्ठेचाळीस... एकावन्न...

बावन्न पॉइंट चारला थांबला.

मी दार लावलं, शेडमध्ये आलो आणि मोरीपाशी तोंडावर पाणी मारलं. सहकारी विचारतात, "काय रे, भूत बघितलंस का?" मी म्हटलं, रात्रीचं जेवण बाधलं.

तिसऱ्या दिवशी नर्सबाईंच्या गाडीवर बर्फ होता. इतरांच्या गाडीवर असतो तसाच, चांगला बोटभर. इतकं हायसं वाटलं मला, काय सांगू. वळलो आणि बघितलं, रांगेत मधेच एक दुसरी गाडी. बेकरीवाल्याची. पंक्चरसाठी आदल्या संध्याकाळी आली होती. तिची काच स्वच्छ, कमानीच्या आकारात.

त्या तेरांतली होती ती. चौथी.

आता मात्र माझी पाचावर धारण बसली. पत्रात लिहिलं होतं तसं केलं. गाडी रात्रभर बाहेरच होती, तिथेच बर्फात उभा राहून हीटर लावला. दहा मिनिटांनी थर्मामीटर बघितला. चार. नुसती गार हवा.

मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, "तेरा गाड्या मी आतच तपासल्यात. बेकरीवाल्याची आत्ता नापास झाली."

त्याने आधी दार लावलं. "कुणाला बोललास?"

"अजून कुणाला नाही."

"मग बोलूही नकोस. सोमवार जाऊ दे. बर्फात अडकून माणसं जातातच. आपण काय बर्फ पाडला का?" मग जरा मऊ आवाजात, "तुला घरदार आहे ना? जा, घरी जा आज."

मी घरी गेलो. हो, गेलो. रात्रभर कूस बदलत राहिलो. तेरा गाड्या मोजत होतो, एकेकाचा चेहरा आठवत होतो. कुठल्या गाडीला कुठला आकडा लिहिला, सगळं डोळ्यांसमोर येत होतं. तेरावीचा आकडा आठवायला लागला तसं मी अंथरुणात उठून बसलो, कारण तेरावी गाडी माझ्या ताईची होती.

ताई आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहते. उजाडायच्या आत जिना उतरलो. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या, सगळ्या पांढऱ्या. लोक टोप्या घालून काचा खरवडतायत, खर्र खर्र आवाज चाललेला. ताई गाडीपाशी उभी, हातात खरवडणी तशीच कोरडी. भाची मागच्या सीटवर बसून पेंगत होती. दोघी घाटाखाली डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाल्या होत्या.

"अरे, ये ये," ताई म्हणाली. "आज काच खरवडायलाच लागली नाही, बघ. रात्रभर बाहेर होती तरी लख्ख. तुझं काम बाकी झकास हं."

मी मागचं दार उघडलं. "ताई, पोरीला उतरव."

"का रे?"

"उतरव आधी. किल्ली दे."

"वेड लागलंय का तुला? महिन्याने नंबर लागलाय डॉक्टरांचा."

मी तिच्या हातातून किल्ली हिसकावली, मॅडम. मोठी बहीण, वडिलांच्या माघारी जिने मला वाढवलं. भाची घाबरून रडायला लागली. म्हणाली, "मामा, आत छान गरम होतं रे." मी वाकून आत बघितलं. चारही जाळ्या शेजारच्या सीटकडे होत्या.

"ताई, या तू फिरवल्यास?"

"मी कशाला फिरवू?" ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघून तिने पोरीला उतरवून घेतलं.

तिथेच गल्लीत, बर्फात उभं राहून तिला सगळं सांगितलं. जाळ्यांचं नाही. शेडचं, सहीचं, नर्सबाईंचं. ताईने शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "फोन कर. आत्ता. माझ्यासमोर." ती सोडून बाकी बारा नंबरांना मी फोन लावले. अकराजणांनी उचलले. उरलेला कुणाचा होता ते तुम्हाला माहीत आहे, तरी मी लावला. वाजत राहिला.

सोमवारी तपासनीस बाईंसमोर माझ्या हाताने लिहून दिलं. मॅनेजरने हात झटकले, पण त्याचीही उचलबांगडी झाली. मला सहा महिने घरी बसवलं आणि परत घेतलं, का घेतलं मला कळलेलं नाही. बाराही गाड्यांचे डबे बदलले. बाहेर तपासल्यावर त्यांतले नऊ नापास निघाले होते.

तेव्हापासून इथले लोक मला थर्मामीटर म्हणतात. म्हणू देत. हिवाळ्यात रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येतो, रांगेतून चालत जातो, एकेक काच बघतो. काच पांढरी असली की जीव भांड्यात पडतो. दोन हिवाळे एकही काच स्वच्छ दिसली नाही. मला वाटलं होतं, बाईंचं काम संपलं. माझंही.

आता तुमचं सांगतो.

यंदा कंपनीने पुन्हा रिकॉल काढला. तेव्हा बदलून बसवलेल्या डब्यांत पाणी झिरपतं म्हणे. नवे, सुधारलेले डबे आले, चकचकीत. गेल्या तीन दिवसांत आम्ही अठरा गाड्यांना बसवले. तुमचा काल संध्याकाळी बसवला, मीच बसवला, रात्रभर गाडी बाहेर ठेवली.

मॅडम, तुम्हाला मी दुपारी सांगितलं की अजून दोन तास थंडीत ठेवून तपासायची आहे. ते खोटं होतं. तपासणी सकाळीच झाली. कडक थंडीत, पत्रात लिहिलं तशी, एक पायरी न गाळता. तुमची गाडी पास आहे. अठराच्या अठरा पास आहेत.

पण आज सकाळी मी फाटक उघडून आत आलो तेव्हा पूर्ण रांगेत एकाही काचेवर बर्फ नव्हता. अठरा काचा लख्ख, अठरा कमानी. टॉर्च मारत एकेका गाडीत बघत गेलो. सगळ्यांच्या जाळ्या शेजारच्या सीटकडे. आणि तपासणीचे आकडे, हे कार्ड बघा, हे दुसरं, हे तुमचं. सगळीकडे एकच. मी लिहिलेले नाहीत, थर्मामीटरने दाखवलेत. दुसरा थर्मामीटर आणून बघितला. तिसरा बघितला, घरचा, तापाचा नव्हे हो, स्वयंपाकघरातला. बावन्न पॉइंट चार. बावन्न पॉइंट चार.

कंपनीला फोन केला. तिथला साहेब शांतपणे म्हणाला, "पन्नासच्या वर आहे ना? मग अडचण काय आहे?" काय सांगणार त्याला? गाड्या नापास आहेत हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. मागच्या वेळी आकडा खोटा होता तो माझ्या आळसामुळे. या वेळी मी आळस केलेला नाही, आणि तरी आकडा तोच आहे.

म्हणून सकाळपासून सगळ्या किल्ल्या खिशात घेऊन फिरतोय. सतराजणांना काहीबाही थापा मारून उद्यावर ढकललं. तुम्ही तेवढ्या ऐकेनात. ऐकणारही नाही, नातवाचा प्रश्न आहे, मला कळतं. तुम्ही पोलिसांना बोलवा, मालकाला फोन करा, माझी नोकरी घालवा. तुमची किल्ली मी देणार नाही. एकदा सही करून दिली होती मी, आता नाही.

माझी स्वतःची जुनी पेट्रोलची गाडी मागे लावलीय. खडखडते, सीट फाटलीय, पण इंजिनावर तापते. मी तुम्हाला घाटाखाली नेतो, बाळाला घेऊ, परत आणून घरी सोडतो. निघायचं तर आत्ता निघू, उजेड जायच्या आधी. बाळाची ती छोटी खुर्ची तेवढी तुमच्या गाडीतून काढून माझ्या गाडीत बांधावी लागेल. मघाशी, तुम्ही फोनवर होतात तेव्हा, मी तीच काढायला गेलो होतो.

आणि तशीच सोडून परत आलो.

मला एक सांगा. खुर्ची तुम्ही मागच्या सीटवर बांधली होती ना? काल गाडी आत घेतली तेव्हा मी बघितली होती, मागेच होती. दुपारी चष्मा आणायला गेलात तेव्हाही? ... हं. मलाही तसंच वाटलं होतं.

आता ती पुढे आहे, शेजारच्या सीटवर. पट्टा लावून, घट्ट, बाळ बसवल्यावर लावतात तसा. चारही जाळ्या तिच्याकडे. गाडीला कुलूप होतं, ते मी उघडलं. मी खुर्चीत हात घालून बघितला. ऊब होती... चांगली ऊब होती, मॅडम. कारण आत एक कोट गुंडाळून ठेवलाय. निळा, लोकरी, बाह्या आत दुमडून.

कोट तुमचा असेल, लेकीचा असेल, मला काय माहीत. म्हणून तर विचारतोय. तुमच्या घरात कुणाच्या कोटाला वरून दुसरं बटण पांढरं आहे का?